लाल रिबीन

"काचेची टाकी तर रिकामी आहे," विज्ञानाच्या बाई म्हणाल्या आणि शून्य लिहायला त्यांनी पेन उघडलं.

"रिकामी नाही, बाई. खेकडा आहे. बाबांच्या जाळ्यात आला होता. पाठीवर शेवाळ अडकवून लपलाय."

"मग जिल्ह्याच्या प्रदर्शनात लोकांना काय दाखवणार, पाणी?"

शेजारच्या ज्वालामुखीवाल्या मुली खुदखुदल्या. एरवी मी गुपचूप शेवटच्या बाकावर जाऊन बसले असते. आज मात्र पाय जागचे हलेनात. मी वेणीची लाल रिबीन सोडली, बारीक कातरली आणि टाकीत टाकली. "पाचच मिनिटं थांबा, बाई."

बाई घड्याळ बघत राहिल्या, मी नखं कुरतडत. चार मिनिटं झाली तरी काही हलेना. बाई निघाल्या, इतक्यात शेवाळातून एक नांगी बाहेर आली. मी त्यांचा पदरच ओढला. खेकड्याने लाल तुकडा उचलला, चावला आणि पाठीवर अडकवला. मग दुसरा.

बाई टाकीवर वाकल्या त्या वाकूनच राहिल्या. "वर्षभर माझ्याच वर्गात आहेस ना गं? कधी दिसली नाहीस."

"मीपण शेवाळातच होते, बाई."