उशिरा पोहोचलेलं कबूतर

"मग मान मुरगळून टाक," फोनवरचा माणूस म्हणाला.

तोफने मोबाइल कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडेच डोळे वटारून बघितलं. बोलायला लागली की थांबत नाही म्हणून घरात सगळे तिला तोफ म्हणायचे. तिला वाटलं होतं, माणूस आनंदाने उडी मारेल. शर्यतीचं कबूतर होतं. बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या मागे अर्धमेलं सापडलं होतं, आणि पायातल्या रिंगवर याच माणसाचा नंबर होता. त्याने मात्र शांतपणे समजावलं, की शर्यत केव्हाच संपली, वेळेत पोहोचलं नाही ते आपल्या कामाचं नाही, हरणाऱ्यांना दाणे घालत बसलो तर झालंच. वर, बाळ, एवढं मनाला लावून घेऊ नकोस, असंही म्हणाला.

ते 'बाळ' तिच्या डोक्यात गेलं.

त्या रागावरच तिने कबूतर ठेवून घेतलं. कबुतरांबद्दल तिला ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्या दिवशी तिने त्याला दुधात बुडवून बिस्किटं दिली. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला चांगलंच झापलं, मका आणि सुके वाटाणे आणायला सांगितले आणि सुजलेल्या पायात रुतलेली रिंग पकडीने तोडून काढली. तोफने ती रिंग कचऱ्यात टाकली. मग परत उचलली, चपलेखाली चेचली आणि पुन्हा टाकली.

आई बाल्कनी धुता धुता रोज विचारायची, पाहुणे निघणार कधी. दादा म्हणायचा, बिचारं शर्यतीत दमलं नसेल एवढं हिच्या बडबडीने दमेल. कबूतर मात्र भरलं, चमकायला लागलं, तिच्या तळहातावरून दाणे टिपायला लागलं. पकडलं की तेवढं धडपडायचं.

एकट्या कबुतराचे हाल होतात, त्याला सोबत लागते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, म्हणून तोफने त्याच्यासाठी घर शोधलं. एका निवृत्त नर्सबाईंच्या गच्चीवर जाळीची मोठी खोली होती. लोकांनी टाकून दिलेली कबुतरं तिथे राहायची. रविवारी नेऊन द्यायचं ठरलं. शनिवारी तोफच्या मनात आलं, जाळीत जायच्या आधी एकदा मनसोक्त उडू दे. हातावर खातंय, म्हणजे आता आपलंच आहे. जाऊन जाऊन जाणार कुठे?

कबुतराने इमारतीभोवती एक फेरी मारली, उंच चढलं आणि दिसेनासं झालं.

अंधार पडेपर्यंत ती गच्चीवर उभी राहून हाका मारत होती. शेवटी तिने डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगितलं, की कबूतर हरवलं.

"हरवलं नाही गं," त्या म्हणाल्या. "ही जिथे जन्मतात तिथेच परत जातात. घरी गेलं असेल."

घरी. म्हणजे त्या माणसाकडे.

मोबाइलमधल्या नंबरावरून दादाने पत्ता काढला. फरशांचं दुकान, मागेच बंगला. सकाळच्या बसमध्ये तोफने भाषण तयार केलं. त्यात निर्लज्ज होतं, कसाई होतं, दगड होतं, आणि दादाने सुचवलेले घरात न चालणारे काही शब्दही होते. मधेच तिच्या मनात यायचं, तिथे पोहोचेपर्यंत त्याने मान मुरगळली असली तर?

कबूतर शोधायला आलोय म्हटल्यावर नोकराने त्यांना वर गच्चीत पाठवलं. एकावर एक रचलेले लाकडी खण, प्रत्येकावर आकडा. तो माणूस चहाचा कप घेऊन उभा होता. आणि तिचं कबूतर एका खणात शिरून तिथल्या दुसऱ्या कबुतराला पंखांनी बडवत होतं, घर बळकावलेल्या भाडेकरूला हाकलावं तसं.

तोफने श्वास भरून घेतला. पण आधी माणूसच करवादला, की कालपासून हे कुठलं भटकं घुसलंय, माझ्या पाखरांना चैन पडू देत नाही. त्याने खणात हात घातला. तोफने मूठ आवळली. कबूतर मात्र धडपडलं नाही. त्याच्या हातात ते सैल पडलं, मान आत ओढून बसलं, डोळे अर्धवट मिटले. तोफच्या हातात असं कधीच बसलं नव्हतं.

माणसाने त्याच्याकडे बघितलंही नाही. उलटं करून दोन्ही पाय तपासले. रिंग नव्हती.

"माझं नाही हे. तुमचं आहे का?"

अख्खं भाषण तिच्या जिभेच्या टोकावर होतं. त्यातला एक शब्द बाहेर पडला असता, तर त्या हाताला कळलं असतं, की हे तेच, उशिरा पोहोचलेलं. दादाने तोंड उघडलं. तिने त्याच्या पायावर जोरात पाय दिला.

"हो काका," ती म्हणाली. "माझंच आहे."

परत इथे दिसलं तर विचारणार नाही, मानच पिरगाळीन, असं बजावून त्याने कबूतर तिच्या हातात कोंबलं आणि चहाकडे वळला.

रस्त्यावर आल्यावर तोफने ते सगळं भाषण कबुतरालाच ऐकवलं. निर्लज्जा, दगडा, कुठून कुठे उडत आलास, आणि त्याने तुला ओळखलंसुद्धा नाही. कबूतर तिच्या बोटांत झटापट करत होतं, मान वळवून वळवून त्या गच्चीकडे बघत होतं.

तिथून ते थेट नर्सबाईंकडे गेले. बाईंनी कबूतर कौतुकाने हातात घेतलं, जाळीच्या खोलीतला त्याचा कोपरा दाखवला आणि सांगितलं, की इथे रुळलं की इतरांसारखं यालाही संध्याकाळी थोडा वेळ मोकळं सोडू.

"याला नाही," तोफ म्हणाली. "याला कधीच नाही."