भोंगा

नवोदित दिग्दर्शकांच्या प्रशिक्षणातलं समिधाचं पहिलं नाटक तिच्याच गावात, घिवलीत होतं. नाटकाच्या शेवटी कारखान्याचा भोंगा वाजव, असं तिला मुंबईच्या मार्गदर्शकांनी सुचवलं होतं. तो वाजला आणि सगळा मांडव उठला. अणुवीज केंद्राशेजारच्या या गावाला आणीबाणीच्या सरावात भोंग्याचा एकच अर्थ शिकवलेला: नाकावर ओला कपडा घ्या, घरात शिरा, दारंखिडक्या लावा. बाटल्यांतलं पाणी रुमालांवर ओतत माणसं मुकाट निघाली. “प्रेक्षकांनाच नाटकात ओढलंस, जबरदस्त,” मार्गदर्शक टाळ्या वाजवत म्हणाले. समिधा माइकवर विनवत राहिली, “नाटक हाय, बसा.” कोणी वळलंसुद्धा नाही. रिकाम्या खुर्च्यांमधून एकटी आई परत आली, स्टेजवर चढली आणि तिनं भिजलेला पदर लेकीच्या नाकावर दाबला. “आई, खोटा हाय भोंगा. मीच लावलाय.” आईनं तिचा हात ओढला. “चल घरी. खरा वाजला तरी असंच सांगतील.”