लोखंडाची सवत

कीर्तनात सत्यभामेच्या मत्सराला खुदुखुदु हसणारी कामठ्याची अंजना नवऱ्याच्या जहाजाला मात्र सवतच म्हणायची. खुशाल, तिचा नवरा, आठ महिने नौदलाच्या त्या जहाजावर होता. इकडे लेक झाली तरी सवतीनं त्याला सोडलं नाही. अखेर तो सुट्टीवर आला, तेव्हा तिनं महिन्याची लेक त्याच्या हातात दिली. घाबरेल, असं तिला वाटलं होतं. त्यानं तर मानेखाली अलगद तळवा दिला.

"कुठं शिकले जी?"

"त्सुनामीत आमच्या जहाजानं बेटावरची माणसं पोटात घेतली. एक बाई तिथंच बाळंत झाली. ते लेकरू रातभर माह्यापाशीच होतं."

अंजनानं लेक झटकन ओढून घेतली. मग पुन्हा त्याच्याच हातात ठेवली.

"मंग सुट्टी सरेपर्यंत हिले खाली ठेवाचं नाई."