गाणं बाहेरही ऐकू गेलं

सांगमुकचं बोलून झालं, तरी सभागृहात कुणी टाळी वाजवली नाही. दुसऱ्या रांगेत कुणीतरी खोकलं, एवढंच.

जहाजांच्या कारखान्यात हयात गेलेला माणूस तो. युनियन उभी करताना दोनदा तुरुंगात जाऊन आलेला. अशी शांतता त्याला नवीन नव्हती, पण ती मालक समोर बसलेले असताना पडायची. आज समोर सगळी आपलीच माणसं होती, युनियनच्या लाल जाकिटातली.

ठराव साधा होता. ठेकेदाराकडच्या रंगारी बायकांना युनियनमध्ये घ्यायचं. त्याच जहाजांच्या पोटात उतरून त्या रंग मारायच्या. टाकीत थिनरच्या वाफेने त्यांच्यातली एक गुदमरून मेली, तेव्हा त्यांनी काम बंद ठेवलं. आता महिनाअखेर ठेकेदार सगळ्यांनाच काढणार होता. युनियनने त्यांना आपलं म्हटलं असतं, तर त्याची तेवढी छाती झाली नसती.

"कुणाला काही विचारायचंय?" अध्यक्ष बोंगजूने विचारलं.

जेहो उभा राहिला. त्याच्या हातात वेल्डिंगचा दांडा पहिल्यांदा सांगमुकनेच दिला होता.

"दादा, तुमच्याबद्दल आदर आहे. पण तुम्ही पुढच्या वर्षी निवृत्त होणार. कामं आटली की कंपनी आधी कुणाला घरी पाठवते? ठेकेदाराच्या माणसांना. तीही आपल्यात आली, तर मग कुणाला पाठवणार? मलाच ना?"

"म्हणजे तू बुडू नयेस म्हणून त्यांनी बुडायचं?"

"मी तसं म्हणालो नाही."

"मग कसं म्हणालास?"

जेहो वैतागला. "दादा, तुम्ही डावे आहात. मी पगारदार आहे. मला दोन मुली आहेत."

हशा पिकला. त्या हसण्यात दुष्टावा नव्हता. घरातल्या म्हाताऱ्याच्या जुन्या सवयीला हसावं, तसे ते हसले. सांगमुकला तेच जास्त लागलं.

डावा हा शब्द त्याने स्वतःहून कधी घेतला नव्हता. पोलिसांनी मारता मारता तो त्याला चिकटवला होता. तेव्हा त्याला एवढंच कळत होतं, की शेजारच्याचा हात यंत्रात अडकला तर आधी आपलं यंत्र बंद करायचं. पुढे त्याने पुस्तकं वाचली, रात्र रात्र वाद घातले, बायकोची बोलणी खाल्ली. पण त्यापलीकडचं फारसं काही त्याच्या हाताला लागलं नाही.

त्याने बोंगजूकडे पाहिलं. एका कोठडीत, एका घोंगडीखाली दोघांनी हिवाळा काढला होता.

"तू तरी बोल."

"अध्यक्षाला मत मांडता येत नाही, दादा." मग बोंगजूने माइकवर पंजा ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "मी ह्यांच्या विरोधात गेलो, तर पुढच्या निवडणुकीत कंपनीची माणसं निवडून येतील. त्यांच्यापेक्षा आपण बरे ना?"

सांगमुक व्यासपीठावरून उतरून पहिल्या रांगेत बसला.

"ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करा."

सांगमुकने हात वर केला. मागे वळून पाहायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. तरी त्याने पाहिलं. इथे एक, तिथे एक. एका इलेक्ट्रिशियनचा हात खांद्यापर्यंत आला होता. त्याने आजूबाजूला नजर टाकली आणि त्याच हाताने कान खाजवला.

मोजायची गरज पडली नाही.

"ठराव नामंजूर," बोंगजू म्हणाला. "सगळ्यांनी उभं राहा."

प्रत्येक सभेच्या शेवटी गाणं व्हायचं. कामगार तेवढे भाऊ, असं सांगणारं. सगळे उठले, मुठी वळल्या, खिडक्यांच्या काचा थरथरू लागल्या. जेहो मान वर करून, डोळे मिटून गात होता. गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. तो अगदी मनापासून गात होता.

सांगमुकच्या तोंडून शब्द फुटेना. खुर्च्यांना धरत धरत तो दारापाशी गेला आणि बाहेर पडला.

बाहेर समुद्राचा वारा अंगाला झोंबत होता. दुपारपासून पायऱ्यांवर पुठ्ठे टाकून बसलेल्या रंगारी बायका आता उभ्या होत्या. अंगावर रंगाने माखलेले डगले, मुठी वर. बंद दारातून त्यांना बाकी काही कळलं नव्हतं, गाणं मात्र ऐकू आलं होतं. आतल्यांच्या सुरात सूर मिसळून त्या गात होत्या. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या.

त्यांची पुढारी सुनबून फडक्यातलं गाठोडं सांभाळत धावतच वर आली.

"भाऊ! मी ह्यांना सकाळपासून सांगतेय, काळजी करू नका, आपली माणसं आहेत ती. पण ऐकतील तर शपथ!"

"सुनबून, ऐक..."

"काय? काही ऐकू येत नाही हो ह्या आवाजात!" तिने गाठोडं सोडलं आणि तांदळाची गोड वडी त्याच्या हातात कोंबली. "पहाटे उठून वाफवल्यात. पहिली तुम्हाला. तोंड गोड करा आधी."

सांगमुकने वडी हातात धरली. आत शेवटचं कडवं सुरू झालं. खाली बायकांनी ते उचललं, आतल्यांपेक्षाही मोठ्याने. हे संपलं की सांगावं लागणार होतं. त्याने मूठ वर केली आणि तोही गाऊ लागला.

सुनबूनने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ती हसली.

"अहो भाऊ, आजच्या दिवशी रडतात का?"