चाकाखालचं लिंबू

गव्हाणकरकाकूंनी जुन्या फियाटच्या पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं आणि ओवाळायला त्या नेमक्या बॉनेटसमोर उभ्या राहिल्या. गाडी दुरुस्त करून दिलेला दिलावर मेस्त्री लगबगीनं पुढे झाला.

या गाडीची क्लचप्लेट कुठंच मिळेना, म्हणून त्यानं सकाळी नंतरच्या मॉडेलची बसवली होती. दाते जुळले, जाडी मात्र केसभर जास्त भरली. काकांना त्यानं ‘अस्सल जुनीच आहे’ असं ठोकून दिलं, आणि दसऱ्याच्या मुहूर्ताच्या घाईत गाडी चालवून बघायची राहिली. काका गाडी नेहमी गियरमध्ये ठेवून, क्लच दाबूनच चालू करत. आताही स्टिअरिंगवर बसल्याबसल्या त्यांनी पहिला गियर टाकला होता. जाड प्लेटमुळे क्लच दाबूनही सुटला नाही, तर किल्ली फिरवताच गाडी सरळ काकूंच्या अंगावर जाणार होती.

“काकू, जरा बाजूनं ओवाळा की.”

“बाजूनं कुणी ओवाळतं का, मेस्त्री?”

काकांनी किल्लीला हात घातला. ‘लिंबू सरकलंय’ असं पुटपुटत मेस्त्री काकूंच्या आणि गाडीच्या मधे शिरला, बंपरला गुडघे टेकवून उभा राहिला आणि त्यानं डोळे मिटून घेतले.

इंजिन धडधडलं. गाडी जागची हलली नाही. त्यानं डोळे उघडून खाली पाहिलं, तर लिंबू शाबूत होतं. त्याचा जीव भांड्यात पडला.

काकांनी खिडकीतून मान बाहेर काढली.

“तुम्ही आडवे आलात, तेव्हाच मी गियर काढला,” ते शांतपणे म्हणाले. “आता सांगा मेस्त्री, आत काय बसवलंय?”