रांगेतली शेवटून दुसरी जागा

"हा निळा शर्ट आधी उतरवा, बांबो," वाटाडी तिसाउके म्हणाली; वडीलधाऱ्या पाहुण्यांना ती बांबो म्हणे. "चावऱ्या माश्या निळ्या रंगावर तुटून पडतात. पत्रात लिहिलं होतं मी."

"चुकून घातला," मुबिता साहेब म्हणाले आणि मुकाट्याने तंबूत जाऊन मातकट शर्ट घालून आले.

लुसाकाहून आलेल्या या पन्नाशीच्या गृहस्थांनी तीन महिने पत्रं लिहून तिचं डोकं खाल्लं होतं. कधी यावं, बूट कसले आणावेत, पाणी किती लागतं. तिने न कंटाळता उत्तरं दिली होती. जुलैत या, तेव्हा इथे हिवाळा, गवत आडवं झालेलं असतं, लांबचं दिसतं. कोरे बूट आणू नका, आधी घरी घालून रुळवा. मलेरियाच्या गोळ्या निघण्यापूर्वीच सुरू करा. अत्तर नको. बाकीचे पाहुणे सिंहाचं विचारतात. साहेबांनी प्रत्येक पत्रात रानरेड्याचं विचारलं होतं. समोर आला तर नक्की काय करायचं? तिने दर वेळी तेच लिहिलं होतं. उभं राहायचं. पळायचं नाही.

बंदूकवाल्या जेरेने तिला चुलीमागे बोलावलं. लुआंग्वा नदीच्या काठाने पाहुण्यांना पायी फिरवण्यात त्याचे केस पिकले होते.

"याला नको नेऊस, पोरी."

"का?"

"का म्हणून मलाच विचारतेस! हात बघ त्याचे. इथे अंगणातच लटलटतायत."

"थंडी आहे, मामा."

"थंडी म्हणे! मागे तुझा दीर साकाला चालतो. त्याची बायको पोटुशी आहे, आठवतंय ना?"

"आठवतंय. तरी मी नेणार."

चालायची रांग ठरलेली असते. पुढे बंदूक, मग वाटाड्या, मग पाहुणे, आणि सगळ्यांत शेवटी किटलीची टोपली घेतलेला चहावाला. सहा वर्षांपूर्वी ती टोपली तिसाउकेच्या नवऱ्याच्या, डालित्सोच्या, पाठीवर होती. आबनुसाच्या राईजवळ झुडपातून रेडा निघाला, एक पाहुणा घाबरून मागे पळत सुटला आणि रेडा त्याच्यामागे लागला. बंदुकीच्या नेमात माणसाची पाठ, जेरे गोळी झाडणार कशी? पाहुणा डालित्सोला ओलांडून निसटला. डालित्सोला वाट मिळाली नाही. पाहुण्याचं नाव तेवढं छावणीच्या वहीत राहिलं.

तिसाउके तेव्हा गावात लोकांचे कपडे धूत होती. पुढे ती परीक्षा देऊन वाटाडी झाली, आणि टोपली आली धाकट्या दिराकडे, साकालाकडे. चार वर्षं ती पाहुण्यांना नेत होती. आज मात्र सकाळची न्शिमा, मक्याच्या पिठाचा तो घट्ट गोळा, तिने ताटात तशीच ठेवली होती.

"असं पायी कधी फिरलायत का, बांबो?" तिने विचारलं.

"नाही. पहिलीच वेळ."

साहेब चष्मा पुसत होते. जेरे बाजूला वळून थुंकला.

न्दोलाहून आलेलं एक जोडपं बरोबर होतं. ती दोघं तिसाउकेला अशी चिकटली की तिचे पाय अडखळावेत. भित्र्यांना नेहमी बंदुकीजवळची जागा हवी असते. साहेब मात्र न सांगता मागे गेले आणि साकालाच्या पुढे उभे राहिले.

"पुढे या की," साकाला हसला. "मागे काय, नुसता किटलीचा खडखडाट!"

"इथेच बरं आहे," साहेब म्हणाले.

कोरडा ओढा ओलांडला. पलीकडे आबनुसाची राई होती. तिथे पोचण्याआधीच साहेबांनी टोपी काढून छातीशी धरली. तिसाउकेने मागे वळून पाहिलं आणि पुन्हा चालू लागली.

राईच्या कडेला झुडपातून लाल चोचीचे पक्षी फडफडत उठले. रेड्याच्या पाठीवर बसणारे पक्षी! तिने हात वर केला.

तो बाहेर आला. चिखलाने माखलेला, एकटा, म्हातारा. वीस पावलांवर थांबून त्याने नाक वर केलं. जेरेने बंदूक खांद्याला लावली.

"हलू नका," तिसाउके कुजबुजली. "कोणीही हलू नका."

न्दोलाची बाई तोंडात डोक्याच्या फडक्याचं टोक कोंबून रडत होती. तिसाउके रेड्याकडे बघतच नव्हती. ती मान वळवून साहेबांकडे बघत होती.

साहेबांचे ओठ पांढरे पडले होते. त्यांनी मागे पाहिलं. वाट मोकळी होती, मध्ये फक्त साकाला. त्यांचा एक पाय उचलला गेला.

तो पाय बाजूला पडला. साहेब रेडा आणि साकाला यांच्या बरोबर मध्ये आले, हात पसरले आणि डोळे मिटून उभे राहिले.

रेड्याने जमीन उकरली, फुरफुरला. किती वेळ गेला कोण जाणे. मग तो जड पावलांनी ओढ्याकडे निघून गेला.

जेरेने बंदूक उतरवली. साकाला मटकन खाली बसला आणि बसल्या बसल्या किटली काढू लागला, कारण दुसरं काय करावं त्याला सुचेना. साहेबांच्या हातात कप ठरेना.

तिसाउकेने स्वतःच्या दोन्ही हातांनी तो कप त्यांच्या हातात धरून ठेवला.

"प्या, बांबो," ती म्हणाली. "या खेपेला नाही पळालात."