सुषमाची हाळी

मांडवगणात वैष्णवीच्या गच्चीवर रविवारी दुपारी फाशांचा खेळ रंगायचा. जादूचं राज्य, राक्षस, तलवारी! पण आधी प्रत्येकीनं आपल्या पात्राचं पूर्वायुष्य रचून सांगायचं. घरातलं, ऐकलेलं काही चालायचं नाही. ते वैष्णवीला पटलं तरच खेळात घेणार. सुषमाला आज काहीही करून आत शिरायचं होतं.

"मी मेंढपाळीण!" ती जवळजवळ ओरडलीच.

"म्हंजी घरचंच व्हय?" वैष्णवी हसली. "रचून सांग की गं."

"रचलंयच! तिच्या चाळीस मेंढ्या पुरात गेल्या. पन तिनं हाळी दिली, की त्या येत्यात."

"मग दे की हाळी. ऐकू दे."

सुषमाच्या अंगात वारं शिरलं. मेंढ्या राखणाऱ्या आज्ज्याच्या सगळ्या हाळ्या तिला पाठ होत्या, म्हणून मुद्दाम त्यातली एकही तिनं घेतली नाही. जीभ टाळूला लावून, पार घशातून, कुणी कधी न काढलेला आवाज तिनं काढला.

खाली जिन्यात एक घंटा किणकिणली.

"आयला, भारी! मोबाईलवर लावलंस ना?" वैष्णवीनं विचारलं.

"मोबाईल घरी हाय माझा," म्हणत सुषमानं खुशीत पुन्हा हाळी दिली.

आता घंटा पुष्कळ झाल्या. खुरांची टपटप पायरी पायरी वर येऊ लागली. ओल्या लोकरीचा वास आला. वैष्णवीनं जिन्यात डोकावून पाहिलं. जिना रिकामा होता, फक्त पायऱ्या एकेक करून भिजत होत्या.

"घेतलं तुला खेळात," ती कुजबुजली. "आता थांबव त्यांना."

सुषमानं तोंड उघडलं. थांबवायची हाळी तिनं रचलीच नव्हती.